पद्मिनीचं इंजिन बांधताना सीसी आणि कॉम्प्रेशन रेशो कसा काढायचा

ब्लॉक बोअर करून, म्हणजे झिजलेली सिलिंडरं आतून किंचित मोठी कापून आला की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आता बघा, सीसी वाढले, गाडी ओढणार." सीसी, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन व्यापतो ती जागा, वाढतात हे खरं. किती वाढतात ते मात्र कुणी कागदावर मांडत नाही. हेड फेस करताना, म्हणजे त्याचा खालचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करताना, शॉपवाल्याने किती कापलं, हे तर विचारलंही जात नाही. गाडीचा पिकअप सुधारेल की घाटात ती पिंकिंग करत (पेट्रोल अवेळी पेटून खडखडत) गरम होईल, हे बरंचसं या न विचारलेल्या आकड्यावर ठरतं. म्हणून इंजिन पुन्हा जोडून बंदिस्त करण्याआधी एक दिवस मोजमापासाठी राखून ठेवा. हेड एकदा चढलं की यातलं जवळजवळ काहीच मोजता येत नाही.

उदाहरणाला कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी घेऊ. मुंबई-पुण्याकडे जुनी गाडी बांधायला काढलेल्यांपैकी अनेकांच्या दारात हीच असते, आणि हिचं पेट्रोल इंजिन हिशोबाला सोपं आहे: चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, व्हॉल्व्ह उघडायला पुशरॉड आणि रॉकर. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५ मिमी, एकूण १०८९ सीसी. तुमच्याकडे ॲम्बॅसडर किंवा दुसरी कुठली जुनी गाडी असेल तर आकडे बदला, रीत तीच राहते.

आधी बोअर आणि स्ट्रोक

एका सिलिंडरचे सीसी काढायचं सूत्र शाळेतलंच आहे:

०.७८५४ × बोअर × बोअर × स्ट्रोक

फक्त सगळी मापं सेंटिमीटरमध्ये घ्यायची, म्हणजे उत्तर थेट सीसीमध्ये येतं. मूळ पद्मिनीसाठी ०.७८५४ × ६.८ × ६.८ × ७.५ = २७२.४. चार सिलिंडरचे १०८९.५. कंपनीचा आकडा जुळला, म्हणजे सूत्र बरोबर मांडलंय.

आता समजा ब्लॉक ०.६० ओव्हरसाइझला, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.६० मिमी मोठा, बोअर केलाय. बोअर झाला ६८.६० मिमी. ०.७८५४ × ६.८६ × ६.८६ × ७.५ = २७७.२, चारचे मिळून ११०८.८. वाढ साधारण १९ सीसी, म्हणजे पावणेदोन टक्के. पूर्ण एक मिलिमीटर मोठा बोअर केला तरी ११२१.८ सीसी होतात, मूळपेक्षा तीन टक्के जास्त. एवढ्यासाठी "ताकद आली" म्हणणं जरा जास्तच आहे. बोअरनंतर गाडी चांगली ओढते ती मुख्यतः नव्या रिंगा धरतात म्हणून.

बोअर मोजताना पिस्टनवर कोरलेल्या ओव्हरसाइझच्या आकड्यावर विसंबू नका, आणि पिस्टनचा व्यास तर सूत्रात घालूच नका. पिस्टन क्लिअरन्सपुरता बोअरपेक्षा लहान असतो आणि सीसी बोअरचे असतात. डायल बोअर गेज शॉपमध्ये असतंच. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, शिवाय क्रँकच्या रेषेत आणि तिच्या आडव्या दिशेने असा सहा ठिकाणी मोजून घ्या. होनिंगनंतर (बोअर दगडाने घासून गुळगुळीत केल्यावर) मोजा, आधी नाही. नव्या बोअरमध्ये या सहा मापांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा जास्त फरक असेल तर सीसीचा हिशोब बाजूला ठेवून ब्लॉक परत शॉपवर न्या.

ओव्हरसाइझ संपल्यामुळे लाइनर (सिलिंडरमध्ये बसवायची नळी) टाकून बोअर पुन्हा मूळ मापाला आणला असेल तर हिशोब परत ६८ वर येतो. 'इतके वेळा बोअर झालेली गाडी' म्हणून सीसी जास्त धरू नका.

स्ट्रोक बहुतेक वेळा बदलत नाही. क्रँक ग्राइंड केल्यावर जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) बारीक होतात, पण त्यांचा मध्य जागेवर राहिला तर स्ट्रोक तेवढाच राहतो. तरी एकदा तपासा: पिस्टन अगदी खाली असताना ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापासून त्याच्या माथ्यापर्यंतची खोली घ्या, मग अगदी वर असताना घ्या, आणि दोन्हींची वजाबाकी करा. ७५ आले पाहिजेत. चारही सिलिंडरला सारखे येत नसतील तर ग्राइंडरने एखादा जर्नल मध्य सोडून कापलाय.

कॉम्प्रेशन रेशो म्हणजे काय मोजायचं

पिस्टन तळाला असताना वर जेवढी जागा असते तिला पिस्टन माथ्याला आल्यावर उरलेल्या जागेने भागायचं, हा रेशो. सोपं रूप असं:

रेशो = १ + (एका सिलिंडरचे सीसी ÷ उरलेली जागा)

सिलिंडरचे सीसी आपण काढले. खरं काम उरलेल्या जागेचं आहे, कारण ती चार तुकड्यांत विखुरलेली असते: हेडमधलं चेंबर (पेट्रोल पेटतं तो खळगा), गॅस्केटच्या जाडीत राहिलेली जागा, पिस्टन ब्लॉकच्या किती खाली थांबतो ती, आणि वरच्या रिंगेच्या वर पिस्टनभोवतीची बारीक फट. पिस्टनच्या माथ्याला खळगा असेल तर तो यात मिळवायचा, फुगवटा असेल तर वजा करायचा.

मेहनत कुठे घालायची हे आधीच सांगतो. बोअर मोजण्यात ०.०५ मिमीची चूक झाली तर रेशोत जेमतेम ०.०१ चा फरक पडतो. चेंबर मोजण्यात एका सीसीची चूक झाली तर जवळजवळ ०.२ चा. म्हणून बोअरचं गेज उत्तम आणि चेंबर मात्र अंदाजे, असं करून उपयोग नाही.

चेंबर मोजणं

लागणारं सामान थोडं आहे. लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातून ५० मिलीचं ब्युरेट आणि स्टँड आणा. पाट्या बनवणाऱ्याकडून सहा मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकचा चेंबरपेक्षा मोठा तुकडा घ्या आणि त्याला कडेजवळ एक छोटं भोक पाडा. थोडं ग्रीस लागेल. द्रव म्हणून रॉकेल उत्तम, पण ते आता सहज मिळत नाही. त्याऐवजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ लाल तेल वापरा, रंगामुळे पातळीही नीट दिसते. पाणी नको. ते कडेला फुगून उभं राहतं, बुडबुडे धरतं आणि व्हॉल्व्हच्या सीटवर गंज ठेवून जातं.

हेडवरचा कार्बन आणि जुन्या गॅस्केटचे अवशेष पूर्ण काढा. जे प्लग गाडीत लावणार आहात तेच घट्ट बसवा. वेगळ्या लांबीचा प्लग लावला की चेंबर बदललंच समजा. व्हॉल्व्ह स्प्रिंगसकट बसलेले हवेत. नसतील तर सीटवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवून ते हाताने दाबून बसवा. हेड उलटं करून टेबलावर ठेवा, पण पूर्ण सपाट नको. भोकाची बाजू किंचित वर राहील असं ठेवलं की हवेचा बुडबुडा आपोआप भोकाकडे सरकतो.

चेंबरच्या कडेने ग्रीसचा बारीक पट्टा द्या आणि ॲक्रिलिक दाबून बसवा. ग्रीस आत घुसता कामा नये, कारण आत गेलेलं ग्रीस म्हणजे तेवढंच चेंबर कमी. ब्युरेट शून्यापर्यंत भरा, भोकातून हळूहळू सोडा, आणि भोकाच्या तळाशी द्रव टेकला की थांबा. भोक वरपर्यंत भरू नका. ब्युरेटमध्ये द्रवाची वक्र कड असते. तिचा खालचा भाग डोळ्याच्या समोर आणून आकडा वाचा. प्रत्येक चेंबर पुन्हा मोजा, आणि दोन आकडे अर्ध्या सीसीच्या आत जुळले नाहीत तर आणखी एकदा.

ब्युरेट नसेल तर केमिस्टकडची १० मिलीची सिरिंज चालते, पण दर भरणीला थोडी चूक होते आणि ती साठत जाते. थोडेसे पैसे वाचवण्यासाठी ते करू नये, असं माझं मत.

याच कामात दोन गोष्टी आपोआप उघड होतात. द्रव पातळी धरून राहत नसेल तर पोर्टमध्ये बोट घालून बघा. ओलं लागलं तर तो व्हॉल्व्ह गळतोय, पुन्हा लॅपिंग करावं लागेल, म्हणजे तो सीटवर घासून बसवावा लागेल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: एक नंबरचं चेंबर ३३ आणि चारचं ३१, मधली दोन त्यांच्या दरम्यान, असा चढता-उतरता क्रम आला तर शॉपने हेड तिरकं फेस केलंय. नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही. मुंबईत टॅक्सीतून निघालेली हेडं भंगारवाल्यांकडून घेतली जातात, त्यांच्या बाबतीत तर ही तपासणी टाळूच नका. ती किती वेळा गरम झाली आणि किती वेळा फेस झाली याचा काही हिशोब नसतो.

चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या फरकात असावीत. नसतील तर सर्वांत मोठं चेंबर प्रमाण धरा आणि बाकीच्यांमधून ग्राइंडरने हलक्या हाताने ॲल्युमिनियम काढा. व्हॉल्व्हच्या सीटजवळ जाऊ नका.

गॅस्केट, डेक आणि फटी

गॅस्केटची जाडी नवीन असताना मोजून उपयोग नाही, कारण हेड टॉर्कवर (ठरलेल्या जोराने) कसल्यावर ते दबतं. त्याच बनावटीचं जुनं, वापरलेलं गॅस्केट असेल तर सिलिंडरच्या भोकाभोवतीच्या धातूच्या कडेवर मायक्रोमीटरने मोजा. भोकाचा व्यास बोअरपेक्षा थोडा मोठा असतो, तोच वापरायचा. भोक पूर्ण गोल नसेल तर मिलिमीटरच्या आलेखकागदावर पेन्सिलने उतरवून चौकोन मोजा. समजा दबलेली जाडी १.३ मिमी आणि भोक ७० मिमी: ०.७८५४ × ७ × ७ × ०.१३ = ५.० सीसी.

डेक म्हणजे पिस्टन माथ्याला आल्यावर तो ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या किती खाली राहतो ते अंतर. बेअरिंग, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन खरे बसवून, नट टॉर्कवर कसून हे मोजायचं. मॅग्नेटिक स्टँडवर डायल लावा आणि माथ्याचा अचूक बिंदू शोधा. पिस्टन त्याच्या पिनवर किंचित डुलतो, म्हणून डायलचं टोक पिनच्या रेषेवरच ठेवा. पिस्टनच्या कडेला ठेवलंत तर एक-दोन दशांश मिलिमीटर सहज फसाल. समजा ०.५ मिमी आले: ६८.६० च्या बोअरचं क्षेत्रफळ ३६.९६ चौरस सेंमी × ०.०५ = १.८५ सीसी.

पिस्टनभोवतीची फट काढायला वरच्या रिंगेपासून माथ्यापर्यंतची उंची आणि त्या भागाचा व्यास घ्या. ७ मिमी उंची आणि ६८.१ मिमी व्यास असेल तर साधारण ०.४ सीसी येतात. पुष्कळ जण हा आकडा सोडून देतात. मी धरतो, कारण आधीच सगळे आकडे समोर असताना आणखी एक वजाबाकी जड नसते.

माथा सपाट नसेल तर पिस्टन ब्लॉकच्या पृष्ठभागाखाली बरोबर १० मिमी उतरवा. कडेची फट ग्रीसने बुजवून वर ॲक्रिलिक ठेवा आणि ब्युरेटने भरा. आपल्या बोअरला सपाट माथ्यावर ३६.९६ सीसी बसायला हवेत. ३९ बसले तर खळगा दोन सीसींचा, ३५ बसले तर फुगवटा दोनाचा. नव्या पिस्टनच्या पेटीवर 'पद्मिनी' छापलंय म्हणून त्याचा माथा जुन्यासारखाच असेल असं धरू नका. जुना आणि नवा शेजारी ठेवून बघा, पिनपासून माथ्यापर्यंतची उंचीही मोजा.

आकडे एकत्र मांडू

पुढचे चेंबरचे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे वेगळे असतील. सपाट पिस्टन, चेंबर ३४ सीसी.

मूळ ६८ च्या बोअरवर उरलेली जागा (चेंबर, गॅस्केट, डेक, फट) ३४ + ५ + १.८२ + ०.३७ = ४१.१९; बोअर लहान, म्हणून डेक १.८५ ऐवजी १.८२. रेशो १ + २७२.४ ÷ ४१.१९, म्हणजे ७.६१.

फक्त बोअर ६८.६० केला, बाकी काही नाही: जागा ४१.२३, रेशो ७.७२. फरक ०.१. इतक्याने इंजिनाला काही कळतही नाही.

आता हेड वाकलं होतं म्हणून शॉपने ०.८ मिमी कापलं. चेंबरच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३० चौरस सेंमी असेल तर २.४ सीसी गेले, चेंबर राहिलं ३१.६. जागा ३८.८३, रेशो ८.१४.

आणि "हेड केलंय तर ब्लॉकही साफ करून देतो" म्हणून ब्लॉकच्या वरून ०.२ मिमी गेले. डेक ०.३ राहिला, जागा ३८.०९, रेशो ८.२८.

बोअरने ०.१ वाढलं आणि फेसिंगने ०.५६. बिल बघाल तर उलट, बोअरचा खर्च मोठा आणि फेसिंगचा किरकोळ. ॲल्युमिनियमचं हेड गाडी एकदा उकळली की वाकतं, दर वेळी थोडं कापलं जातं आणि कॉम्प्रेशन दर वेळी थोडं चढतं. शॉपला हेड देताना आणि परत घेताना त्याची जाडी चारही कोपऱ्यांवर व्हर्निअरने मोजून लिहून ठेवा. 'जरासं घेतलं' याला माप नसतं.

रेशो जास्त आला तर

८.२८ वाईट नाही. आपल्याकडचं साधं पेट्रोल ९१ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनचं असतं (ऑक्टेन जास्त तितकं पिंकिंग कमी), आणि पद्मिनी ज्या काळात बनली तेव्हाचं पेट्रोल याहून कमकुवत होतं. रेडिएटर साफ, थर्मोस्टॅट चालू आणि टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) नीट असेल तर मी सव्वाआठपर्यंत शांत असतो. साडेआठच्या पुढे गेलं तर खाली आणायचा विचार करतो. गाडी सीएनजीवर असेल तर एवढी चिंता नाही, त्याचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच वर असतो.

खाली आणायला किती जागा हवी, हे तेच सूत्र उलटं करून निघतं: सिलिंडरचे सीसी ÷ (हवा तो रेशो − १). ७.७ हवा असेल तर २७७.२ ÷ ६.७ = ४१.३७. आपल्याकडे ३८.०९ आहेत, म्हणजे ३.२८ सीसी कमी. हे गॅस्केटच्या जाडीतून मिळवायचे तर गॅस्केटच्या ७० मिमी भोकाच्या क्षेत्रफळाने भागा: ३.२८ ÷ ३८.४८ = ०.०८५ सेंमी, म्हणजे आणखी ०.८५ मिमी जाडी.

इथे बरेच मेकॅनिक दोन गॅस्केट एकावर एक ठेवतात. नको. दोन थरांमधून आज ना उद्या पाणी किंवा गॅस वाट काढते, आणि मग हेड पुन्हा उतरवून पुन्हा फेसिंग, म्हणजे कॉम्प्रेशन आणखी वर. योग्य जाडीचं एकच गॅस्केट बनवून घ्या. किंवा चेंबरमधून तेवढे सीसी काढा, मला हा मार्ग जास्त आवडतो, फक्त प्रत्येक चेंबरमधून सारखे निघाले पाहिजेत आणि ब्युरेट हाताशी हवं.

हेड कापल्यावर रॉकरचे पायही तेवढेच खाली येतात, म्हणजे पुशरॉड त्या मानाने लांब होतात. थोडं असेल तर टॅपेटच्या (व्हॉल्व्हची फट लावायच्या) स्क्रूवर भागतं. जास्त कापलं असेल तर रॉकरच्या पायांखाली तेवढ्याच जाडीचे शिम (पातळ पट्ट्या) द्या, आणि ज्या पायातून तेल वर चढतं त्याच्या शिमला भोक ठेवा. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मुलांच्या खेळण्यातल्या मातीने तपासा: पिस्टनवर गोळी ठेवा, जुन्या गॅस्केटवर हेड कसा, टॅपेट लावा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा आणि उघडून दबलेल्या मातीची जाडी बघा. दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर पुढे जाऊ नका.

गाडी चालू झाल्यावर टायमिंग थोडं मागे ठेवून सुरुवात करा. रनिंग-इन (नवं बांधलेलं इंजिन मुरायचा काळ) संपल्यावर खंबाटकीसारख्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगात दाब द्या. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर ते पिंकिंग. टायमिंग आणखी किंचित मागे घ्या. मागे घेऊनही जात नसेल तर तुमच्या चेंबरचा आकडा पुन्हा तपासा.

गेजचे पाउंड वेगळे

प्लगच्या जागी गेज लावून जे १४० किंवा १५० पाउंड दिसतात तो दर चौरस इंचावरचा दाब असतो, रेशो नाही, आणि एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायचा सरळ मार्ग नाही. बॅटरी कमजोर असेल, थ्रॉटल पूर्ण उघडा नसेल, कॅमचं टायमिंग एक दात सरकलं असेल, तरी आकडा बदलतो. जागेनेही बदलतो. मुंबईत १५० दाखवणारं इंजिन पुण्यात, साडेपाचशे मीटर वर, १४० च्या आसपास दाखवेल, कारण तिथली हवाच साडेसहा टक्के विरळ आहे. "पुण्यात आणली आणि कॉम्प्रेशन पडलं" अशी तक्रार आली तर आधी हे आठवा. गेजचा उपयोग चार सिलिंडर एकमेकांशी ताडून बघायला. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि चारांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत नको.

कागदपत्रांचं

आरसीवर १०८९ छापलेले असतात आणि बोअर ही दुरुस्ती आहे. विम्याच्या थर्ड पार्टी हप्त्याचा गट १००० ते १५०० सीसीचा आहे, त्यामुळे ११०९ झाल्याने तिथेही काही हलत नाही. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं तर गोष्ट वेगळी, त्याला आरटीओची परवानगी लागते. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. तेव्हा बोअरचं माप, पिस्टनची साइझ, हेडची आधीची-नंतरची जाडी आणि शॉपचं बिल एकत्र फाईल करून ठेवा. पुढचा मालक किंवा पुढचा मेकॅनिक हेड उतरवेल तेव्हा त्याला अजून किती कापता येईल, हे याच कागदावरून कळेल.